शिकारपूरची बरणी

माझ्या घरात लोणच्याच्या बरणीला मी हात लावत नाही. लोणचं घालायचे दिवस आले की मी कैऱ्या फोडून देते, मोहरी भरडून देते, मीठ भाजून देते, आणि बरणी भरायची वेळ आली की हात पुसत बाजूला होते. वाढायचं असलं तरी सूनच वाढते. तिला सुरुवातीला वाटलं, सासूबाईंचं काही सोवळं असेल. मग वाटलं, नवस असेल. तिने माहेरी तसं सांगितलंही, आणि तिची आई एकदा मला मोठ्या आदराने म्हणाली, "तुम्ही अजून एवढं पाळता, कौतुक आहे हो." मी नम्रपणे मान हलवली. न केलेल्या गोष्टीचं कौतुक पदरात पाडून घ्यायला मी लहानपणापासून तरबेज आहे. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, आणि तो बिचारा अट्ठेचाळीस वर्षं ताटाच्या कडेला लोणचं वाढून घ्यायला मुलींना हाका मारत राहिला. आता त्याच्यामागून माझाही नंबर लागलेला आहे, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

आम्ही जबलपूरला चेरीतालला राहत होतो. तेव्हा आपला मुलूख मध्यप्रांत होता, राजधानी नागपूर होती, आणि बाबांची बदली अमरावतीहून जबलपूरच्या कचेरीत झाली तेव्हा ती परमुलखात झाली असं कुणालाच वाटलं नव्हतं. आईला मात्र वाटलं. तिने ते पुढे पंधरा वर्षं वाटून घेतलं. तिच्या बोलण्यात 'आमच्याकडे' म्हणजे अमरावती आणि 'इथे' म्हणजे जबलपूर. आमच्याकडे ज्वारी अशी, इथे गहू तसा. आमच्याकडे विहिरीचं पाणी गोड, इथलं कडू. खरं म्हणजे विहिरीचं पाणी छान होतं. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि उंबरा ओलांडला की हिंदी. माझं तर इतकं मिसळून गेलं होतं की मी आईला 'सुनो ना' म्हणायची आणि दूधवाल्या भैयाला 'अरे बाप्पा'. सकाळी लांबवर कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग रहाटाची कुरकुर, मग बाबांचं स्तोत्र, आणि या सगळ्याच्या वर आईचा आवाज, "सुमे, ऊठ वं, किती लोळून राहिली!"

वर्षातून एक महिना असा यायचा की आई 'आमच्याकडे' म्हणत नसे, कारण त्या महिन्यात अमरावतीच आमच्या ओसरीवर येऊन बसायची. भुलाबाईचा महिना. भादव्याच्या पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोबांची जोडी पाटावर बसायची आणि कोजागिरीपर्यंत आसपासच्या सात-आठ मराठी घरांतल्या मुली रोज संध्याकाळी एकेका घरी जमून फेर धरून गाणी म्हणायच्या. गाणी संपली की खिरापत. पण खिरापत अशी सहजासहजी मिळत नाही, ती ओळखावी लागते. घरची मुलगी झाकलेला डबा आणून मध्ये ठेवते, कानाशी हलवून ऐकवते, फार गयावया केली तर झाकणाच्या फटीतून एकच वास देते. मग सगळ्या ओरडायला लागतात. गोड का तिखट, कोरडं का ओलं. जिच्या घरची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही तिची मान ताठ, आणि जी रोज ओळखते तिची तर विचारूच नका. ती मी होते. चुरमुरे कुठले आणि लाह्या कुठल्या हे मी खुळखुळ्यावरून सांगायची. झाकलेला डबा दिसला की माझ्या अंगात यायचं. कुठलीही बंद वस्तू माझ्याच ओळखण्यासाठी ठेवली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

घरामागे दोन खोल्या होत्या. त्यांत जळण, गोवऱ्या आणि उंदीर राहत. फाळणीनंतर सिंधकडची माणसं गाड्या भरभरून आली, तेव्हा बाबांनी त्या खोल्या एका कुटुंबाला द्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "काहून जी? कोण, कुठले, काय खाऊन राहिले, काही तर माहीत नाही आपल्याला." बाबा म्हणाले, "अमरावतीहून आपण आलो तेव्हा आपल्याबद्दल इथल्यांना काय माहीत होतं?" आईने दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्या शेणाने सारवून घेतल्या.

ते आले फाल्गुनात, टांग्याने. किशनचंद नावाचे उंच, वाकलेले गृहस्थ, त्यांची म्हातारी आई आणि अकरा वर्षांची मुलगी जमना. म्हातारीला जमना डाडी म्हणायची म्हणून आम्हीही डाडी म्हणायला लागलो. त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणतात. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि डाडीच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, जे ती टांगेवाल्यालाही धरू देईना. आई दारातून ओरडली, "अगं बाई, तान्हं आहे की काय!" आणि आत धावत जाऊन गरम पाणी घेऊन आली. गोधडीतून निघाली चिनी मातीची एक पिवळट बरणी, तोंडावर फडकं बांधलेली. ते लोक शिकारपूरचे. तिथे त्यांची माडी होती, दुकान होतं. ते सगळं टाकून, कराचीच्या बंदरावर दोन दिवस उघड्यावर बसून, बोटीने आणि गाडीने ही बाई लोणचं घेऊन आली होती. आईला हसू आलं, मग तिने ते गिळलं, आणि गरम पाण्याचं काय करायचं ते न कळून ती तशीच उभी राहिली.

जमनाची आई निर्वासितांच्या छावणीत तापाने गेली होती. तेव्हापासून जमना बोलत नव्हती. मुकी नव्हती, पण विचारलं तेवढंच, 'हां' आणि 'ना'. जेवायलाही बसायची नाही. डाडी ताट घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरायची आणि शेवटी स्वतःही न जेवता भांडी घासायला बसायची. मग एका रविवारी दुपारी डाडीने मागच्या पडवीत बरणी आणली, कोरड्या लाकडी पळीने आतून काहीतरी काढलं आणि जमनाला डोळे मिटायला लावले. मी आणि शेजारची शकू कुंपणापाशी उभ्या राहून बघत होतो. आमच्यासारखं फोडींचं लोणचं नव्हतं ते. किसलेली कैरी, लसूण आणि मसाला मलमलच्या छोट्या छोट्या पुरचुंड्यांत दोऱ्याने बांधून तेलात सोडलेला. त्यांच्या गल्लीतल्या बायका दर वर्षी एकत्र बसून त्या बांधायच्या, आणि प्रत्येकीची दोरा बांधायची तऱ्हा वेगळी. डाडीने ती तेलकट पुरचुंडी जमनाच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "किसकी गाँठ?"

जमनाने बोटांनी चाचपलं. बराच वेळ. मग म्हणाली, "रुक्की चाची."

महिन्या-दोन महिन्यांत 'हां' आणि 'ना'खेरीज तिने उच्चारलेला तो पहिलाच शब्द असावा. डाडीने गाठ सोडली, आणि तो वास पडवीभर पसरला, मोहरीच्या तेलाचा, मुरलेल्या लसणाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला मला नाव देता येईना. माझ्या नाकाची ती पहिली हार. डाडीने आम्हाला हाताने बोलावलं, तळहातावर बोटाएवढं लोणचं ठेवलं आणि डोळे मिटायला सांगितले. तिला हिंदी जेमतेम यायची. पण तिची गोष्ट शब्दांवर अडून बसत नसे. रुक्की चाची खडावा घालून जिना उतरायची, तर डाडी लाटण्याने फरशीवर खटखट करायची, एक पायरी मोडकी होती तिथे थांबायची, मग पुढची खट. चाचीच्या दाराची कडी म्हणजे डाडीच्या बांगड्या. शिकारपूरचा बाजार वरून छप्पर घातलेला, आत दुपारीही गारवा, तर ती आमच्या डोक्यावर ओलं फडकं धरायची. सुकलेल्या मातीच्या ढेकळावर दोन थेंब पाणी टाकून आमच्या नाकाशी आणायची आणि म्हणायची, "आँगन." आमच्या जिभेवर तिखट आणि आंबट चढत असायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मिटल्या डोळ्यांपुढून रुक्की चाची जिना उतरून निघून जायची. ही बाई कुठे गेली, जिवंत होती की नव्हती, ते डाडीने कधी सांगितलं नाही.

दर पंधरा दिवसांनी एक पुरचुंडी. हळूहळू चेरीतालच्या सगळ्या मराठी मुली त्या पडवीत जमायला लागल्या. जमना आता गाठ ओळखून गप्प बसत नसे, मध्ये मध्ये डाडीला दुरुस्त करायची. "नहीं डाडी, उनकी बकरी काली थी." एकदा ती हसली. जेवायला तर आमच्याआधी बसायची. आई हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असायची, लसणाच्या वासाला नाक मुरडत. मग ऐन पावसाळ्यात एका रविवारी ती पदराखाली काहीतरी घेऊन पडवीत आली आणि आमच्यात मांडी घालून बसली. खारोड्या होत्या, तिच्या माहेरून आलेल्या, बाजरीच्या, उन्हात वाळवलेल्या. तिने एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवली आणि डाडीसारखंच म्हणाली, "आँखें बंद." मग आपल्या मोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत घसरत, तिने तिच्या आईचं अंगण सांगितलं. खाटेवर पसरलेल्या खारोड्या, राखायला बसलेली आठ वर्षांची ती, झोप लागली आणि कावळ्यांनी अर्धी खाट साफ केली, आणि आई मारेल म्हणून ती कोनाड्यात लपली तर आईने हाका मारमारून रडून गाव गोळा केलं. आम्ही खारोड्या चावत होतो, कुरुम कुरुम. आई रडत होती. डाडी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि जमना तिच्या मांडीला टेकून बसली होती.

मला ती गोष्ट माहीत नव्हती. माझ्या आईने ती मला कधी सांगितली नव्हती. तेरा वर्षं तिच्या पोटाशी झोपूनही जी मला मिळाली नाही ती गोष्ट ती सिंधी पोरगी माझ्या आईच्या मांडीला टेकून ऐकत होती. मी उठून घरात निघून गेले. तेव्हा मला वाटलं मला राग आला आहे. आज लिहिताना कळतं की तो मत्सर होता, साधा, हिरवागार.

भुलाबाई बसल्या. आईने जमनाला न विचारताच नवा परकर शिवला आणि फेरात आणून उभं केलं. तिला गाणी येत नव्हती, ती नुसती ओठ हलवायची, पण तिसऱ्या दिवशी आमच्याच घरच्या खिरापतीला मी डबा हलवत ऐटीत फिरत असताना ती हळूच म्हणाली, "तिल नहीं, जवस है. गुड़ के साथ." जवसाची चिक्की होती. ती ओळखू येऊ नये म्हणून मी आणि आईने वेलदोड्याचा वास दिला होता. मुलींनी टाळ्या पिटल्या. शकू, जी दोन वर्षं माझ्या मागे मागे फिरायची, ती म्हणाली, "आता सुमीचं काही खरं नाही!" पुढचे आठ दिवस जमनाच ओळखत राहिली. मी तोंडाने "शाब्बास" म्हणायची.

कोजागिरीच्या दिवशीची शेवटची खिरापत कुणाची, हा दर वर्षी मानाचा प्रश्न. आईने ती जमनाला दिली. बरणीत तीनच पुरचुंड्या उरल्या होत्या, आणि त्यांतली एक जमनाच्या आईने बांधलेली होती. कुठली, ते फक्त डाडीच्या बोटांना माहीत होतं. ती तिने मुद्दाम शेवटपर्यंत ठेवली होती, जमनाला हातही लावू दिला नव्हता. ज्या दिवशी जमना स्वतः गोष्ट सांगेल त्या दिवशी ती सोडायची. जमनाने आता ती सांगायचं कबूल केलं होतं. आई आणि डाडीने मिळून बेत ठरवला. गाणी झाली की बरणी मध्ये ठेवायची, तिन्ही पुरचुंड्या मुलींच्या हातून फिरवायच्या, कुणाला ओळखू येते का बघायचं, आणि शेवटी जमनाच्या हातात द्यायच्या. आमच्याच रीतीची खिरापत, त्यांच्या घरची. आई त्या बेतावर इतकी खूश होती की कामं करताना गुणगुणत होती.

मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही. त्या पुरचुंडीत काय होतं हे मला कळत होतं का? कळत होतं. तेरा वर्षांची मुलगी इतकी अजाण नसते. पण डबा बंद होता आणि तो ओळखणारी मी होते, एवढंच माझ्या डोक्यात भरलं होतं. कोजागिरीच्या आठ दिवस आधी, दुपारी, डाडी आणि जमना बाजारात गेल्या होत्या. मी मागच्या खोलीत शिरले. जाण्याआधी मी हात धुतले. अन्नाला धुतल्या हातानेच शिवायचं हे आईचं शिकवणं, आणि लोणच्याला ओला हात लावायचा नाही हेही आईचंच. पहिलं पाळलं. दुसऱ्यासाठी घाईत हात परकराला पुसल्यासारखे केले, आणि फडकं सोडून मनगटापर्यंत हात बरणीत घातला. तेल खाली गेलेलं होतं. आईने कितीदा डाडीला म्हटलं होतं, वरून ताजं तेल घाला, पण डाडी मान हलवायची. तिला तिथल्याच तेलात ठेवायच्या होत्या.

तीन पुरचुंड्या मी बाहेर काढून चाचपल्या. एक डाडीची स्वतःची गाठ, ती आम्ही पूर्वी दोनदा हाताळली होती. एक रुक्की चाचीची. उरली ती तिसरी. दोन वेढे, एक फासा, आणि दोऱ्याचं एक टोक बोटभर लांब सोडलेलं. मी डोळे मिटून ती पाठ केली. टोक ओढलं तर चटकन सुटेल अशी होती ती, लहान मुलालाही सोडता यावी अशी. ते मला त्या क्षणीच कळलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी पुरचुंड्या परत आत सोडल्या, परकराला बोटं पुसून फडकं बांधलं आणि राखेने हात घासले, मग मातीने, मग लिंबाच्या सालीने.

त्या संध्याकाळी फेरात जमना माझ्या शेजारी होती. गाण्याच्या मध्येच तिने माझा धरलेला हात थोडा वर उचलला. आपल्या नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मी गाणं मोठ्याने म्हणायला लागले. तिने हात सोडला नाही, फेर पुढे फिरत राहिला.

शेवटच्या दिवशी ऊन उतरायच्या आतच सगळ्या जमल्या. ओसरीवर ज्वारीच्या ताटांचं मखर, त्यात भुलाबाई, आणि पुढे पाटावर ती पिवळट बरणी. इतर मुलींच्या आयाही आल्या होत्या. किशनचंदजी दाराशी उभे होते. जमनाने केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. आईची गोष्ट. गाणी झाली. डाडीने फडकं सोडलं.

वास आधी आला. मग दिसलं. तेलावर पांढरी-हिरवी बुरशी, केसाळ, पुरचुंड्यांवर चढलेली. डाडीने बोट लावून पाहिलं, मग तिच्या म्हाताऱ्या डोळ्यांना आमच्यातल्या एकीचाही चेहरा दिसत नसावा अशी ती आमच्याकडे बघत राहिली. "किसने हाथ डाला?" तिने विचारलं. "गीला हाथ. किसने?"

तेव्हा मी बोलले. मला कुणी विचारलंही नव्हतं. "जमना ने डाला होगा, डाडी. घर में तो वही रहती है. उसी को जीतना था."

माझा आवाज अजून माझ्या कानात आहे, स्वच्छ, खणखणीत, खिरापत ओळखताना लागायचा तसा. डाडीने जमनाला थोबाडीत मारली. आम्ही तिला कधी आवाज चढवतानाही पाहिलं नव्हतं. आई "अहो, काहून मारून राहिल्या, लेकरू आहे!" म्हणत पुढे झाली. जमना रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या उजव्या हाताकडे, आणि मी तो पाठीमागे घेतला. ती सांगू शकली असती. दोन शब्द पुरे होते. तिने ते सांगितले नाहीत, आणि का सांगितले नाहीत याचा विचार करत मी म्हातारी झाले.

डाडीने बरणी उचलली, विहिरीमागे राखेचा खड्डा होता तिथपर्यंत नेली आणि उपडी केली. तेल राखेत जिरलं. तीन पुरचुंड्या पडल्या, तिन्ही काळ्या, तिन्ही बुळबुळीत, तिन्ही सारख्याच. जमना धावत आली आणि खड्ड्याच्या काठाशी बसली. डाडी तोंड फिरवून पदरात डोळे पुसत घराकडे चालू लागली होती. जमनाने आधी तिला हाक मारली, मग आम्हा सगळ्यांना, "कौन-सी? अम्मा वाली कौन-सी है?"

मला माहीत होतं. डाडी आत निघून गेली होती, आणि उरलेल्या अख्ख्या अंगणात फक्त मलाच माहीत होतं. डावीकडची, जिचा दोरा राखेवर बोटभर लांब पसरला होता. वाकून ती उचलायची आणि तिच्या हातावर ठेवायची, एवढंच. पण ती उचलली असती तर मला ती कशी ओळखता आली हे सगळ्यांना कळलं असतं. मी उभी राहिले. शकूची आई म्हणाली, "चलो बेटा, विष असतं ते, हात नको लावू." किशनचंदजींनी येऊन जमनाला उचललं आणि खांद्यावर घेऊन गेले. मग कुणीतरी फावड्याने राख ओढली.

रात्री ताप आला असं मी आईला सांगितलं. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने माझा त्या दुपारचा परकर, मी कपड्यांच्या तळाशी दडवलेला, धुवायला घेतला. त्याच्या घेरावर तेलाचे बोटांचे डाग होते, मोहरीच्या तेलाचे, जे आमच्या घरात वापरत नसत. आईने तो परकर हातात धरून ठेवला, बराच वेळ. मग रिठा आणून घासायला लागली. तिने मला काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. मला वाटायचं ती मला वाचवते आहे. स्वतः आई झाल्यावर कळलं की तिलाही ते ऐकायची हिंमत नव्हती. तिने डाडीकडे जाऊन एवढंच म्हटलं की तेल कमी पडलं म्हणून बुरशी आली, पोरीचा काही दोष नाही. डाडीने ते मानलंही असेल. पण पडवीतल्या दुपारी संपल्या. जमना पुन्हा 'हां' आणि 'ना'वर आली. पौषात किशनचंदजींना दुसऱ्या गावी दुकानाचा गाळा मिळाला आणि ते गेले. आईने त्यांना शेवटच्या होत्या नव्हत्या तेवढ्या खारोड्या बांधून दिल्या. टांगा निघाला तेव्हा मी पहिल्यांदाच जमनाला आपणहून काहीतरी म्हणाले. "चिट्ठी लिखना" म्हणाले. तिचा पत्ता विचारला नाही.

पुढे एकदा ती मला दिसली. माझं लग्न झालेलं, कडेवर मूल. जबलपूरच्याच बाजारात, बांगड्यांच्या दुकानासमोर. तिनेच ओळखलं. "सुमन दीदी!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडली की लोक वळून बघायला लागले. ती खूप बोलत होती, नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल, डाडी गेल्याबद्दल. मध्येच म्हणाली, "तुम्हारी आई की वो बाजरे वाली कहानी मैं अपने बच्चों को सुनाती हूँ." मी विचारायला हवं होतं, आणि तुझ्या आईची? ती जी तू घोकत होतीस? मी पदराखाली हात घेतला आणि मूल रडतंय म्हणून निघाले. मूल झोपलेलं होतं. जमना गेल्याचं मला चार वर्षांपूर्वी कळलं.

आता डाळी-तांदूळ बांधायचं काम माझ्याकडे असतं. सून सगळं निवडून ठेवते आणि मी जुन्या धोतराच्या फडक्यांत डाळी बांधून डब्यांत ठेवते, कीड लागू नये म्हणून. माझी बोटं आता थरथरतात, पण गाठ मारताना थरथरत नाहीत. दोन वेढे, एक फासा, एक टोक बोटभर लांब. मी मुद्दाम मारत नाही, दुसरी मला येतच नाही. माझ्या नातीला ती फार आवडते. टोक ओढलं की चटकन सुटते म्हणून ती दिवसातून चारदा डब्यात हात घालून डाळ सांडते. परवा फडकं हातात घेऊन, डोळे मिटून, बोटांनी चाचपत ती मला विचारत होती, "आजी, ही गाठ कोणाची गं?"

"माझीच," मी म्हणाले.